फटफटीवरून सह्याद्रींतील तळीं



गेल्या माघांत एका रविवारीं सकाळीं माझे तीन जुने विद्यार्थी आपापल्या फटफट्या फाटकाशीं लावून माझ्या घरीं आले. एक बँकेंत आहे, दुसरा कारखान्यांत आहे आणि तिसरा संगणकाचें काम करतो. तिघांचीही तिशी उलटली आहे. पण ओट्यावर बसतांना अजून मला विचारूनच बसतात. तिघांनीं मिळून डोंगर आणि तळीं पाहण्यासाठीं चार दिवसांची एक सफर आखली होती, आणि तिचा कागद ते मला दाखवावयास आले होते. “गुरुजी, कुठं चुकलं असेल तर तांबड्या शाईनं खूण करा,” असें त्यांतला एक हंसत म्हणाला.

निवृत्त मास्तराला यापरती मेजवानी ती कोणती? मीं चष्मा लावला. कागद खरोखर सुरेख होता. पहिल्या दिवशीं खडकवासला, मुळशी व ताम्हिणी. दुसऱ्या दिवशीं पवनेचें तळें व लोणावळा. तिसऱ्या दिवशीं नारायणगांव-संगमनेरवरून भंडारदरा. आणि चौथ्या दिवशीं वाटेंतील आणखी एक तळें पाहून परत. प्रत्येक मुक्कामापुढें तीन रकाने पाडलेले : काय खावें, कोठें राहावें, छायाचित्र कोठून चांगलें येतें. अंतरें बरोबर होतीं, पेट्रोलचा हिशेब बरोबर होता. शुद्धलेखनाच्या चुका सोडल्या तर तांबडी खूण करण्याजोगें त्यांत कांहीं नव्हतें. आणि तरीही त्या कागदानें मला दोन दिवस स्वस्थ बसूं दिलें नाहीं. कां, तें सांगण्यासाठींच आज मी आपणांपुढें बोलत आहे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. इतिहासाचा पंडित नव्हे. पण तीस वर्षांहून अधिक काळ प्राथमिक शाळेंत इतिहास आणि भूगोल एकाच फळ्यावर शिकविले, त्यामुळें या दोन विषयांची गांठ कोठें बसते एवढें कळण्यापुरती दृष्टि आली आहे.

आधीं भूगोल. आपणांपैकीं पुष्कळांनीं सह्याद्रींतील एखाद्या तळ्याच्या कांठीं कधींतरी डबा सोडला असेल. पण त्या डोंगरांत निसर्गानें स्वतः घडविलेलें असें एकही मोठें सरोवर नाहीं, ही गोष्ट किती जणांच्या ध्यानांत आली असेल याची मला शंका आहे. काश्मीरचीं, कुमाऊंचीं तळीं निसर्गाचीं. आपला सह्याद्रि हा लाव्हाचे थरांवर थर बसून झालेला. पश्चिमेकडे कडा एकदम तुटलेला, पूर्वेकडे नद्यांनीं कोरून काढलेलीं लांबट खोरीं. ताम्हिणीच्या माथ्यावर वर्षाला दोनशें इंचांहून अधिक पाऊस पडतो, पण तो तेथें थांबत नाहीं. चार महिने धबधब्यांचा गजर, आणि वैशाखांत त्याच माथ्यावरच्या बायका हंडा घेऊन झरा शोधीत हिंडतात. महाबळेश्वरच्या वेण्णा तळ्यांत नौका फिरवितांना पाहुण्यांना तें डोंगराइतकेंच पुराणें वाटतें. तें साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनीं १८४२ सालीं करविलेलें आहे. लोणारचें सरोवर तेवढें निसर्गाचें खरें, पण तें उल्केच्या आघातानें झालेलें आणि तेंही दूर बुलढाण्याकडे.

म्हणजे माझ्या विद्यार्थ्यांच्या कागदावरील प्रत्येक तळ्याला जन्मसाल आहे. आणि ज्या जागीं आज पाणी उभें आहे, तेथें त्या सालापूर्वीं दुसरें कांहीं तरी उभें होतें.

माझ्याजवळ सर्व्हे खात्याच्या एका जुन्या नकाशाची कापडावर डकविलेली प्रत आहे. मुळशीचें धरण होण्यापूर्वींच्या पाहणीवरून तो काढलेला. कडा फाटल्या आहेत, घड्यांवर शाई उडाली आहे. तो मीं ओट्यावर पसरला आणि मुलांना त्यांचा मोबाइल त्याच्याशेजारीं ठेवावयास सांगितलें. मोबाइलवर एक फांद्या फुटलेला निळा आकार दिसत होता, स्वच्छ आणि रिकामा. जुन्या नकाशावर त्याच जागीं मुळा आणि निळा या दोन नद्या, त्यांचा संगम, नदीच्या दोहों कांठांनीं भाताच्या खाचरांची हिरवी पट्टी, आणि मुंग्यांच्या रांगेसारखीं बारीक अक्षरें. एकेक अक्षरओळ म्हणजे एकेक गांव. आपल्या नव्या नकाशांत निळ्या रंगावर नांवें नसतात. नदीचें नांव असेल, धरणाचें असेल. खालच्या वस्तीचें नसतें.

तिघेही थोडा वेळ गप्प झाले. मग बँकेंतला म्हणाला, “गुरुजी, हें आम्हांला शाळेत कोणी सांगितलंच नाही.”

मला उत्तर सुचलें नाहीं. कारण त्याला चौथींत मीच शिकविलें होतें.

असो. मग आम्ही चौघांनीं मिळून तो कागद नव्यानें लिहावयास घेतला. त्यांचे तीन रकाने राहूं दिले, कारण खाणें आणि झोंपणें इतिहासाच्या अभ्यासकालाही चुकत नाहीं. शेजारीं चौथा रकाना पाडला, आणि त्याला मथळा दिला : खालीं काय आहे.

पहिलें तळें खडकवासल्याचें. यांत तेंच सर्वांत वडील. १८६९ सालीं धरणाला प्रारंभ झाला आणि दहा वर्षांनीं तें पुरें झालें. आखणी कर्नल फाइफ या इंजिनियरची, म्हणून इंग्रजी कागदोपत्रीं त्याचें नांव फाइफ सरोवर. राज्यकर्त्यांची ही एक हौसच होती : भाटघरच्या तळ्याला व्हायटिंग, भंडारदऱ्याच्या तळ्याला आर्थर. लोकांनीं हीं नांवें कधीं तोंडांत घेतलीं नाहींत, हा त्यांचा शहाणपणा. याच धरणावर विसाव्या शतकाच्या आरंभीं, १९०३ सालीं, पूर वाढला कीं आपोआप उघडणारे आणि ओसरला कीं मिटणारे दरवाजे बसविण्यांत आले. ते योजणारे तरुण इंजिनियर म्हणजे पुढें भारतरत्न झालेले विश्वेश्वरय्या. भाजलेल्या कणसांच्या गाड्यांपाशीं उभें राहून धरणाकडे पाहतांना एवढें तरी आठवावें. आणि आणखी एक तारीख आठवावी : १२ जुलै १९६१. त्या दिवशीं वरचें पानशेतचें नवें धरण फुटलें, त्या लोटानें खडकवासल्याचेंही धरण फोडलें, आणि पुण्याच्या नदीकांठचीं घरेंदारें वाहून गेलीं. मी त्या वेळीं तीन वर्षांचा होतों. पण आमच्या घरीं पुढें कित्येक वर्षें कोणतीही जुनी गोष्ट सांगतांना “पुराच्या आधीं” आणि “पुरानंतर” अशीच कालगणना चाले.

येथें अर्ध्या तासाहून अधिक वेळ घालवूं नये. परत फिरून चांदणी चौकांतून पौडचा रस्ता धरावा, म्हणजे ऊन चढण्यापूर्वीं मुळशी गांठतां येते. पौडपुढें पेट्रोलची खात्री धरूं नये. टांकी तेथेंच भरून घ्यावी. माझ्या नोकरीच्या काळांत माझ्याजवळ एक जुनी राजदूत होती. तिनें मला जो धडा शिकविला तो असा कीं, चढणीवर गाडी तापली तर तिच्यावर रागावूं नये. उतरून झाडाखालीं बसावें आणि खोऱ्याकडे पाहावें. पुष्कळसा इतिहास मीं अशा बसण्यांतच पाहिला.

आतां मुळशी. या सफरींत मन जेथें सर्वांत अधिक थांबावें तें ठिकाण हेंच.

मुंबईच्या गिरण्या दगडी कोळशावर चालत असत. सह्याद्रीच्या माथ्यावरचें पाणी अडवावें, नळांतून कोंकणांत सोडावें आणि त्या पडणाऱ्या पाण्यानें वीज करावी, ही कल्पना मुंबईच्या डेव्हिड गॉसलिंग या वास्तुविशारदाची. जमशेटजी टाटांनीं ती उचलून धरली. जमशेटजी १९०४ सालीं वारले, पण त्यांच्या वारसांनीं ती तडीस नेली. लोणावळ्याच्या परिसरांतील तळ्यांचें पाणी सुमारें सतराशें फूट खालीं खोपोलीस पाडून १९१५ सालीं वीज मुंबईस पोंचली. १९२२ सालीं आंध्रा नदीच्या खोऱ्यांतील पाण्यावर भिवपुरीचें केंद्र सुरू झालें, आणि १९२७ सालीं मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचें. यंत्रविद्येच्या दृष्टीनें हें काम थोर होतें यांत शंका नाहीं. एखाद्या दरींत तुटलेला कडा हाच ज्या डोंगराचा दोष, तोच येथें त्याचा गुण झाला.

पण मुळशीचें खोरें ओसाड नव्हतें. मावळांतील उत्तम भाताची ती जमीन. आंबेमोहोर तांदळाचा वास ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगणें नको. सुमारें बावन्न गांवें, जवळजवळ अकरा हजार माणसें. खाजगी कंपनीसाठीं ही जमीन सरकारनें १८९४ च्या भूसंपादनाच्या कायद्यानें घेऊन द्यावयाची होती. आधीं पाहणीचे खड्डे शेतांत पडले, मग नोटिसा आल्या, आणि मग मावळे पुण्यास येऊन पुढाऱ्यांचे उंबरठे झिजवूं लागले. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशीं, सत्याग्रह सुरू झाला. सुमारें बाराशें मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबलें. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापति’ ही पदवी याच लढ्यानें दिली. त्यांच्या बरोबरीनें विनायकराव भुस्कुटे यांनीं गांवोगांव हिंडून संघटना केली. त्यांचें नांव आज फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम घेतों. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे वृद्धापकाळीं याच सत्याग्रहांत तुरुंगांत गेले. तुरुंगांत जाणाऱ्यांत मावळच्या स्त्रियाही होत्या. गांधीजींनीं ‘यंग इंडिया’ पत्रांतून टाटांना फेरविचाराची विनंती केली. मोठ्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनीं चालविलेला जगांतील हा पहिला संघटित लढा, असें प्रतिपादन पुण्याचे प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनीं आपल्या संशोधनग्रंथांत केलें आहे.

लढा हरला. कां हरला, याचें उत्तर भाषणांतून सहसा सांगितलें जात नाहीं, कारण तें अवघड आहे. खोऱ्यांतील पुष्कळशी जमीन पुण्याच्या सावकारांकडे गुंतलेली होती. जमीन बुडाली तर कुळाचें घर जातें. सावकाराला मात्र रोख मोबदला मिळतो, आणि तोही वाढत्या भावानें. जे वाडे सत्याग्रहाच्या सभांना जागा देत, त्यांच्याच आळींत मोबदल्याच्या हिशेबाच्या वह्याही उघडल्या जात होत्या. १९२४ च्या अखेरीस लढा विझत असतांना बापटांनीं धरणाच्या कामावरची आगगाडी मूठभर साथीदारांनिशीं सशस्त्र अडविली. अहिंसेची प्रतिज्ञा तेथें संपली, आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. दोन-तीन वर्षांतच खोरें भरलें.

मी टाटांना खलपुरुष ठरवीत नाहीं. मुंबईच्या गिरण्या, आगगाड्या, इस्पितळें या विजेवर चाललीं. हें भाषण आपण ज्या विजेवर ऐकत आहां तिच्या घराण्यांतली वडील वीज ती. पण एक गोष्ट मला राहून राहून खुपते. ज्या पाण्यानें मुंबई उजळली, त्याच पाण्याच्या कांठच्या वाड्यांत त्यानंतर कित्येक दशकें रॉकेलची चिमणीच जळत होती.

मुळशीच्या कांठीं उभें राहून आणखी एक नवल पाहावें. मुळेचें पाणी मूळचें पूर्वेला वाहणारें. मुठेला, भीमेला आणि शेवटीं कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरास जाणारें. धरणानें त्यांतील मोठा वांटा वळवून डोंगरांतल्या बोगद्यानें पश्चिमेस भिऱ्याला पाडला. तेथून तो कुंडलिका नदीनें अरबी समुद्रास जातो. एका उपखंडाचा उतार माणसानें एका बोगद्यानें बदलला! भीमेच्या खालच्या अंगाचे दुष्काळी तालुके हें पाणी अजून मागतात. उलट, कोलाडला कुंडलिकेच्या फेसाळ ओघांतून रबरी होड्या घालण्याचा जो खेळ शहरी तरुणांत लोकप्रिय झाला आहे, तो वीज करून सोडलेल्या या पाण्याच्या जोरावरच चालतो. माझ्या विद्यार्थ्यांपैकीं कारखान्यांतला दोनदां तेथें जाऊन आला होता. तो म्हणाला, “गुरुजी, पाणी सकाळींच कां सुटतं हें तेव्हां कळलं नव्हतं.”

ताम्हिणीचा घाट मीं त्यांना पहिल्या दिवशीं खालपर्यंत उतरूं दिला नाहीं. माथ्यावरून खालचें कोंकण पाहावें आणि परत यावें, इतकेंच लिहिलें. त्या उतारावर वळणें अवघड आहेत, आणि दिवसभर गाडी हांकलेल्या माणसाचें लक्ष संध्याकाळीं देखाव्याकडेच अधिक असतें.

दुसऱ्या दिवशीं पौडाहून कोळवण, तिकोना करीत पवनेच्या कांठीं यावें. चारी बाजूंस तिकोना, तुंग, लोहगड, विसापूर हे किल्ले; इतका इतिहास डोक्यावर आहे कीं पायांखालच्या इतिहासाकडे कोणी पाहत नाहीं. हें तळें स्वराज्यानंतरचें, १९७० नंतर भरलेलें. म्हणजे येथें परक्या सरकारावर बोट ठेवण्याची सोय नाहीं. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे वाघेश्वराचें दगडी देऊळ चिखलांतून वर येतें. आसपासचीं माणसें त्या दिवसांत तेथें दर्शनाला जातात, आणि पावसाळ्यांत देव पुन्हां पाण्याखालीं जातो. पर्यटकांचे तंबू कांठावर बाराही महिने असतात.

या एका गोष्टीमुळेंच मीं सफरीचा महिना बदलला. मुलांनीं जुलै धरला होता, कारण धुकें आणि धबधबे. मीं वैशाख लिहिला. वैशाखांत डोंगर पिवळे असतात, ऊन लागतें, छायाचित्रें चांगलीं येत नाहींत हें सारें खरें. पण तळ्यांत पाणी सर्वांत कमी असतें, आणि तेव्हांच जोतीं, बांध, विहिरींचे कांठ आणि जुन्या पायवाटा वर येतात. रस्ते कोरडे असतात हा फटफटीवाल्यांस आणखी एक लाभ. पावसाळ्यांतील गर्दीचा आणि निसरड्या घाटांतील अपघातांचा हिशेब केला तर माझी सूचना अगदींच म्हातारचळाची म्हणतां येणार नाहीं.

लोणावळ्याविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण तेथें सांगणारे पुष्कळ आहेत. बोरघाटाची जुनी सडक गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत १८३० सालीं गाड्यांसाठीं खुली झाली. त्याच वर्षींचा अमृतांजन पूल २०२० सालीं पाडण्यांत आला, आणि माझ्या पिढीला खंडाळ्याची एक खूणगांठ सुटल्यासारखें वाटलें. आगगाडीचा घाट १८६३ चा. द्रुतगति महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. तेव्हां फटफटीवाल्यांनीं जुनीच सडक धरावी, आणि त्यांत त्यांचें हितच आहे. त्या वाटेवर शिंग्रोबाचें देऊळ लागतें. इंग्रज इंजिनियरांना घाटाची वाट या धनगरानें दाखविली, अशी दंतकथा आहे. कागदोपत्रीं त्याचें नांव नाहीं. पण गाडीवाले अजून तेथें नाणें टाकून पुढें जातात. वाट आखणाऱ्या गव्हर्नराला नाणें कोणी टाकीत नाहीं.

तिसऱ्या दिवसाची मजल लांब आहे. लोणावळ्याहून तळेगांव, चाकण, नारायणगांव, आळेफाटा, संगमनेर, अकोले करीत राजुरास पोंचेपर्यंत माणूस शिणतो. जुन्नरला वळून नाणेघाटांतील सातवाहन राणी नागनिकेचा लेख पाहावा अशी माझी फार इच्छा होती, पण मुलांनीं हात जोडले. तो आग्रह मीं सोडला.

भंडारदऱ्याचें धरण १९१० सालीं सुरू होऊन १९२६ सालीं पुरें झालें. त्या वर्षीं गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें उद्घाटन झालें, म्हणून तें विल्सन धरण. दोनशें सत्तर फूट उंचीची ही दगडी भिंत त्या काळीं देशांतील सर्वांत उंच धरणांपैकीं होती. आज शंभर वर्षांनींही तिचें काम पाहून गवंड्यांपुढें हात जोडावेसे वाटतात. एका टोंकास कळसूबाई, दुसऱ्या टोंकास रतनगड, आणि त्याच्या पायथ्याशीं रतनवाडीचें अमृतेश्वराचें देऊळ. हा सारा मुलूख महादेव कोळ्यांचा. इंग्रजांविरुद्ध उठून १८४८ सालीं ठाण्याच्या तुरुंगांत फांसावर चढलेला राघोजी भांगरे याच दऱ्याखोऱ्यांतला. त्याच्या मृत्यूनंतर ऐंशी वर्षांच्या आंत त्याच्या लोकांच्या भातशेतांवर तळें पसरलें.

येथें मात्र मला माझेच विचार पारखून घ्यावे लागतात. मुळशीचें पाणी मुंबईला गेलें. भंडारदऱ्याचें प्रवरेच्याच पात्रांतून प्रवरेच्याच खोऱ्यांत उतरलें. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या भागांतील कोरडवाहू शेतकरी कालव्याच्या पाण्यावर उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें १९५० सालीं सहकारी साखर कारखाना निघाला तो याच प्रवरेच्या कांठीं. दुष्काळांत खडी फोडणाऱ्या कुटुंबांचीं मुलें त्या उसाच्या पैशावर शिकून माझ्यासारखीं मास्तर झालीं, डॉक्टर झालीं. तेव्हां धरण नको होतें असें म्हणण्याची माझी छाती होत नाहीं. पण खालच्या अंगाला ऊंस आला त्या सालीं वरच्या अंगाला काय गेलें, याची जमाखर्चाच्या वहींत नोंद असावयास हवी होती, असें म्हणण्याचा हक्क प्राथमिक शाळेच्या मास्तरालाही आहे. राजूरच्या वरच्या वाड्यांत अजून पाऊस संपतांच पाण्याची ओरड होते, आणि तळें समोर दिसत असतें. वैशाखाच्या अखेरीस येथल्या झाडांवर रात्रीं लाखों काजवे चमकतात. तिसऱ्या रात्रीचा मुक्काम येथेंच ठेवला आहे. त्या वेळीं गाड्यांचे दिवे मालवून उभें राहावें, एवढें शिष्टाचाराचें कलम मीं लिहून दिलें.

राहिला चौथा दिवस. परतीच्या वाटेवर एका तळ्याच्या कांठीं मुलांनीं दुपारचें जेवण आणि नौकाविहार धरला होता. त्या तळ्याचें नांव मी सांगत नाहीं. ज्या घराची ही गोष्ट आहे त्या घराला तें आवडणार नाहीं.

माझ्या नोकरींतील कांहीं वर्षें मीं धरणामुळें उठलेल्या लोकांच्या एका नव्या वसाहतींत काढलीं. सरळ रस्ते, सारखीं घरें, प्रत्येक घराला क्रमांक. शाळेच्या दाखलरजिस्टरांत जन्मस्थळाचा रकाना असतो. एकदां जूनमध्यें एक म्हातारा आपल्या नातवाला शाळेंत घालावयास आला. जन्मस्थळ विचारतांच त्यानें जुन्या गांवाचें नांव सांगितलें. मीं म्हटलें, “बाबा, पोरगा इथं वसाहतींत जन्मला. तें गांव आतां नाहीं.” तो म्हणाला, “गुरुजी, गांव आहे. वर पाणी आहे, एवढंच.” मीं नियमाप्रमाणें वसाहतीचें नांव लिहिलें. तो कांहीं बोलला नाहीं. अंगठा उठविला आणि निघून गेला. त्या वर्षीं तपासणींत माझ्या रजिस्टरावर ‘नोंदी नेटक्या’ असा शेरा मिळाला होता.

माझ्या ओट्यावर बसलेल्या तिघांपैकीं संगणकाचें काम करणारा, तो हाच नातू. आणि चौथ्या दिवसाचें तें तळें, तेंच पाणी. कागद त्यानेंच टंकलेला. त्या नांवापुढें त्यानें ‘कांठ सपाट, तंबूस सोयीचा’ असें लिहिलें होतें. त्याला ठाऊक नव्हतें. आजोबा तो लहान असतांनाच वारले. बाप पोटापाण्यासाठीं शहरांत गेला. घरांत त्या गांवाचा विषय निघत नसे.

त्याला तें सांगावें कीं न सांगावें, या विचारांतच माझे ते दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशीं मीं त्याला एकट्याला बोलाविलें आणि रजिस्टराची गोष्ट जशी घडली तशी सांगितली, माझ्या नेटक्या नोंदीसह. त्यानें ऐकून घेतलें. म्हणाला, “आजी अजून आहे, गुरुजी. विचारतों.”

पंधरा दिवसांनीं तो आला तेव्हां त्याच्या हातांत शाळेच्या वहीचें एक पान होतें. आजीनें सांगितलें आणि त्यानें काढलें, असा तो नकाशा. प्रमाण नाहीं, दिशा नाहीं. नदी, तिच्यावरचा कपडे धुण्याचा खडक, दोन चिंचा, मारुतीचा पार, पाराच्या उजव्या हाताला सातवें घर. नव्या नकाशाच्या निळ्या रंगावर तें पान कोठें ठेवावयाचें, यावर आम्ही चौघे अर्धी दुपार वाद घालीत बसलों. शेवटीं कांठावरचा एक सुळका आजीच्या नकाशांतही आहे असें आढळलें, आणि त्यावरून पान जुळविलें. पाणी पुरेसें ओसरलें तर पाराचे दगड दिसतात, असें तिकडचे कोळी सांगतात म्हणे.

सफर वैशाखाच्या शेवटच्या आठवड्यांत ठरली आहे. साखळ्यांना तेल घातलें आहे, चाकें तपासलीं आहेत, माझ्या त्या जुन्या नकाशाची एकेक प्रत तिघांनीं काढून घेतली आहे. चौथ्या दिवसाच्या नौकाविहारावर नातवानें स्वतःच काट मारली. आजीचें वय ऐंशीच्या पुढें, ती फटफटीवर बसणार नाहीं. म्हणून त्या एका दिवसापुरती जीप सांगितली आहे. जीपमध्यें पुढच्या बाकावर ती बसेल, म्हणजे रस्ता दाखवितां येईल. मागें एक जागा रिकामी आहे, ती त्यांनीं मला दिली आहे.